लोखंडाचे गाव आणि आपली तांबट लेन

महोदय,

मुलगी ब्रिटनच्या साउथ वेल्समधल्या ब्लेनाव्हनला नर्स आहे. यंदाचा उन्हाळा तिच्याकडे काढला. माझी उमेदीची वर्षे सातपूरच्या एका फाउंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे साचे बनवण्यात गेली, त्यामुळे मला भट्ट्याच पाहायच्या होत्या. पाऊस आणि डोंगर काय, इगतपुरीतही आहेत.

१७८९ साली सुरू झालेल्या तिथल्या लोखंड कारखान्याच्या भट्ट्या कड्याला टेकवून बांधल्या आहेत, म्हणजे खनिज, इंधन, चुनखडी वरूनच ओतता यावी. वाघिणी वर चढवणाऱ्या पाळण्यांचा (लिफ्टचा) १८३९चा दगडी मनोरा पाहून तर मी थक्क झालो. वरच्या पाळण्याच्या टाकीत पाणी भरायचे. त्या वजनाने तो खाली येणार आणि खालच्या भरलेल्या वाघिणी वर जाणार. ना इंजिन, ना वीज! जावई गारठला, मी हललो नाही.

जवळची बिग पिट कोळसा खाण १९८०ला बंद पडली, १९८३ला लोकांसाठी उघडली. काडेपेटी, मोबाइल काढून घेऊन ९० मीटर खाली नेतात. नेणारे स्वतः खाणीत काम केलेले. २०००पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. त्याने गाव श्रीमंत झाले असे मात्र दिसले नाही; बाजारातली काही दुकाने बंदच होती.

तरी जुन्या कामगारांनीच आपले काम दाखवावे, ही तिथली गोष्ट आपणही घ्यावी. नाशिकच्या तांबट लेनमध्ये ठोक्याचे, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवण्याचे काम जाणणारे हात अजून आहेत. महापालिकेने कुंभमेळ्याच्या निमित्ताने दोन-चार जुन्या कारागिरांना मानधन देऊन तिथे काम दाखवायला बसवावे. फलक नंतर लावले तरी चालतील.

— एक निवृत्त मोल्डर, सिडको, नाशिक