गट जुळला, पण माणूस तोच आहे ना?

मा. संपादक, स. न.

‘ओ निगेटिव्ह कुणालाही चालते’ हे वाक्य आता घरोघरी पोचले आहे. ते लाल पेशींपुरतेच खरे आहे. प्लाझ्माचे, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवाचे, गणित नेमके उलटे: एबीचा प्लाझ्मा सर्वांना चालतो, ओचा मात्र फक्त ओलाच, कारण त्यात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असतात. पण रक्तपेढीत काम करणाऱ्या आम्हा तंत्रज्ञांना खरी धास्ती ‘कुणाला काय चालते’ या तक्त्याची नसते, लेबलाची असते.

दोन पेशंटचे नमुने एकापाठोपाठ घेतले आणि नळ्या टेबलावर नेऊन मग लेबले चिकटवली, की अदलाबदलीला एक क्षण पुरतो. पुढची सगळी तपासणी बिनचूक होते, पण दुसऱ्याच माणसाच्या रक्ताची. क्रॉसमॅचमध्येही (नमुना आणि पिशवी जुळवून पाहण्याच्या चाचणीत) ही चूक सापडत नाही, कारण नळीतले आणि पिशवीतले रक्त एकमेकांशी जुळतेच. म्हणून लेबल खाटेपाशीच लावावे आणि पेशंटचा गट पूर्वी नोंदलेला नसेल, तर वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर तो पडताळावा. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नये. गुंगीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणावे आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहावे. पिशवी लावताना हेच पुन्हा, दोघांनी मिळून.

पहिली 15 मिनिटे रक्त सावकाश सोडावे आणि कुणीतरी खाटेपाशी थांबावे. चुकीच्या गटाचे थोडेसे रक्तही घात करते: प्रतिपिंडे पेशींना चिकटतात, पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. थंडी वाजून ताप, कंबरेत कळ, छातीत दडपण, सुईच्या जागी आग होणे ही लक्षणे. ‘मला काहीतरी होतंय’ अशी पेशंटची घालमेलही लक्षणच आहे. तिला घाबरटपणा म्हणून उडवून लावू नये. भूल दिलेला पेशंट तर बोलूच शकत नाही. तिथे उतरलेला रक्तदाब, जखमेतून न थांबणारे पाझरणे आणि लघवीच्या पिशवीत उतरलेला लाल रंग एवढेच सांगतात.

शंका येताच रक्त बंद करावे, पण शिरेतली सुई काढू नये. सेट (पिशवीपासून सुईपर्यंतची नळी) बदलून नव्या सेटने सलाइन चालू ठेवावे. जुन्या सेटमध्ये तेच रक्त शिल्लक असते. डॉक्टरांना बोलवावे, लेबल पुन्हा पाहावे. पिशवी कचऱ्यात जाऊ देऊ नये. ती सेटसकट, नवा रक्तनमुना आणि त्यानंतरची पहिली लघवी यांसह रक्तपेढीत पाठवावी. आम्ही तो रक्तनमुना यंत्रात वेगाने फिरवतो, तेव्हा वर येणारा प्लाझ्मा पिवळसर असायला हवा. तो गुलाबी किंवा लाल दिसला, तर पेशी फुटल्याचे बहुधा तिथेच कळते.

अंगावर नुसत्या गांधी उठल्या, तर अॅलर्जीचे औषध देऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने तीच पिशवी पुन्हा सुरू करता येते. ताप मात्र पॅरासिटामॉलने दाबून रक्त चालू ठेवणे हा जिवाशी खेळ आहे.

रक्ताच्या नळीतून डेक्स्ट्रोज (साखरेचे सलाइन) किंवा रिंगर लॅक्टेट (क्षारांचे सलाइन) देऊ नये. पहिल्याने पेशी फुटतात, दुसऱ्यातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात. गार पिशवी गरम पाण्यात बुडवणेही तितकेच घातक.

नातेवाइकांना एक विनंती. पेशंटला पूर्वी कधी रक्त चढवले होते का, गरोदरपणे किती झाली, हे विचारण्याची वाट न पाहता सांगा. ए-बी-ओ सोडून रक्ताचे इतरही गट असतात; त्यांतल्या ‘किड’सारख्या गटांविरुद्ध पूर्वीच्या रक्ताने किंवा गरोदरपणात तयार झालेली जुनी प्रतिपिंडे तपासणीत न दिसण्याइतकी कमी होतात आणि नव्या रक्ताने पुन्हा उसळतात. तेव्हा रक्त चढवल्यावर दोन आठवड्यांत डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा हिमोग्लोबिन पुन्हा घसरले, तर ‘कावीळ असेल’ म्हणून घरी थांबू नका. रक्त चढवल्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगा.

आपले,
रक्तपेढीतील काही तंत्रज्ञ