बाबांच्या अर्जांसाठी लघुरूपांचा तक्ता

पुणे

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देताना तोच पत्ता आणि तेच ‘विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’ पुन्हा पुन्हा टाइप करून बोटे दुखतात, असे तुम्ही फोनवर म्हणालात. त्यावरचा उपाय तुमच्या संगणकात आधीपासूनच आहे. दोन-तीन अक्षरांचे लघुरूप टाइप करून स्पेस दाबली की त्याच्या जागी पूर्ण मजकूर यावा, अशी सोय करता येते. फोनवर सांगितलेले हातासरशी सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

लिबरऑफिस रायटर, म्हणजे तुम्ही अर्ज टाइप करता तो प्रोग्रॅम, उघडून वरच्या ‘टूल्स’ मेनूमधील ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ निवडा आणि ‘रिप्लेस’ विभागात जा. तिथे डाव्या चौकटीत लघुरूप लिहायचे, उजव्या चौकटीत पूर्ण मजकूर लिहायचा, मग ‘न्यू’ आणि शेवटी ‘ओके’ दाबायचे. शेजारच्या ‘ऑप्शन्स’ विभागात ‘यूज रिप्लेसमेंट टेबल’ यापुढे खूण आहे ना, तेवढे पाहा. सगळ्यात वर भाषेची चौकट आहे आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते, कारण हा तक्ता प्रत्येक भाषेसाठी वेगळा असतो. तुमचा कीबोर्ड हिंदी इन्स्क्रिप्टचा, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या त्या ठरावीक मांडणीचा, असेल, तर संगणक तुमचा मजकूर हिंदी समजेल आणि मराठीच्या तक्त्यात भरलेले काहीच चालणार नाही. म्हणून त्या चौकटीत ‘ऑल’ निवडून मगच नोंदी करा.

लघुरूप कोणते घ्यावे, याचा मात्र नीट विचार करायला हवा. जे अक्षर किंवा शब्द तुम्ही एरवीही लिहिता, ते घेऊ नये. खानापूरसाठी नुसते ‘खा’ घेतले, तर ‘औषध वेळेवर खा’ या वाक्याचे काय होईल ते तुम्हीच पाहा. मला एकच व्यंजन दोनदा लिहिण्याची पद्धत बरी वाटते. ‘खख’ म्हणजे ‘खानापूर’, ‘तत’ म्हणजे ‘मा. तहसीलदारसाहेब, तहसीलदार कार्यालय, खानापूर ५९१३०२’. ‘मम’ तेवढे टाळा, नाहीतर पूजेचा संकल्प लिहून देताना भलतेच काही उमटेल. ‘बब’ म्हणजे ‘बेळगाव’ आणि ‘बबी’ म्हणजे ‘बेळगावी’ अशा दोन निरनिराळ्या नोंदी ठेवा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर दुसरे नाव लागते, पण नातेवाइकांना लिहिताना तुम्ही पहिलेच लिहिणार, हे मला ठाऊक आहे. सरळ ‘बेळगाव’ याच शब्दाची बदली लावू नका; जुन्या खरेदीखतातला मजकूर उतरवताना तोही बदलून जाईल.

आपल्या भाषेतली खरी अडचण प्रत्ययांची आहे. ‘खख’ हे लघुरूप सुटे असेल तरच बदलते. ‘खखात’ असे लिहिले तर काहीच घडत नाही, आणि घडले असते तरी ‘खानापूरात’ असा अशुद्ध शब्द झाला असता, जो तुम्ही शाळेत असताना लाल शाईने खोडला असता. यासाठी डाव्या चौकटीत ‘खखा’ लिहून त्याला लागूनच एक टिंब आणि एक तारका द्या, म्हणजे ‘खखा.*’, आणि उजवीकडे ‘खानापुरा’ लिहा. टिंब आणि तारका यांचा अर्थ ‘पुढे काहीही असो’ असा आहे, त्यामुळे ‘खखात’चे ‘खानापुरात’ आणि ‘खखातील’चे ‘खानापुरातील’ होईल, दोन्ही ऱ्हस्वासह.

हीच युक्ती शुद्धलेखनालाही उपयोगी पडते. तुमच्या अर्जांत ‘शेतकर्यांना’ असे उमटते, कारण इन्स्क्रिप्टवर ‘ऱ’साठी शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबावी लागते आणि घाईत शिफ्ट राहून जाते. ‘शेतकर्य.*’च्या जागी ‘शेतकऱ्य’ अशी एक नोंद केली, की त्या शब्दाची सगळी रूपे सुधारतील. ‘दुसर्य.*’साठीही तसेच करा. मात्र ‘र्य’ दिसेल तिथे ‘ऱ्य’ करण्याचा सरसकट नियम लावू नका, कारण त्याने सूर्य, कार्य आणि आचार्य हे सगळेच बिघडतील. नको तिथे काही बदललेच, तर लगेच कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा. तुमचे मूळ अक्षर परत येईल.

कन्नड अर्जांचेही यात जमेल. शेजारच्या गुरुजींकडून कन्नडमधला मायना आणि शेवटची ओळ एकदाच टाइप करून घ्या आणि ती उजव्या चौकटीत चिकटवा. डावीकडचे लघुरूप मराठीच राहू द्या. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर ‘निर्मला यूआय’ हा फाँट निवडा, त्यात दोन्ही लिप्या आहेत. कृतिदेवसारख्या फाँटमधल्या जुन्या फायलींत मात्र यातले काही चालणार नाही, कारण त्यांत दिसायला मराठी असले तरी आत इंग्रजी अक्षरेच असतात. तिथे तर ऑटोकरेक्ट वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल करून भलतेच मराठी अक्षर उमटवते. त्या फायली उघडताना ते बंद ठेवलेले बरे.

पूर्ण परिच्छेद या तक्त्यात कोंबू नका; त्यासाठी कंट्रोल आणि एफ-३ दाबून उघडणारे ‘ऑटोटेक्स्ट’ आहे. तसेच लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे खातेक्रमांक कितीही वेळा लागले, तरी ते लघुरूपात ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

आई, तुझ्या स्त्रीशक्ती संघाच्या निरोपांसाठी फोनमध्ये ‘जीबोर्ड’ या गूगलच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘डिक्शनरी’ आणि त्यात ‘पर्सनल डिक्शनरी’ आहे. तिथे ‘मासिक सभा’ आणि त्याचे लघुरूप भरलेस, की पूर्ण शब्द कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दिसतील. तिथे बोट लावले की ते उमटतील.

बाबा, गेल्या काही महिन्यांचे अर्ज समोर घेऊन जे पुन्हा पुन्हा येते, तेवढेच आधी भरा. एखादी नोंद चालली नाही, तर पडद्याचा फोटो काढून मला पाठवा.

तुमची लेक