ताप उतरला, माणूस उठला नाही

महोदय,

सततच्या थकव्यावरील आपला लेख वाचला. ‘रिपोर्ट नॉर्मल असतील तर मन रमवा, व्यायाम वाढवा’ या सल्ल्यापाशी थांबले आणि राहवलं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला सहा वर्षांपूर्वी ताप आला, घसा सुजला, मानेत गाठी आल्या. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग निघाला. ताप पंधरा दिवसांत उतरला, ती मात्र अजून सावरलेली नाही. केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवते आणि अर्ध्यातच कंगवा खाली ठेवते. बरं वाटलं म्हणून एखाद्या दिवशी जिना चढली, की एक-दोन दिवसांनी अंथरूण धरते. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण हीच या आजाराची, म्हणजे ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ची, खूण. म्हणूनच उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याच्या उपचाराची शिफारस मागे घेतली.

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधले जवळपास ३०० जण, बहुतेक कर्मचारीच, एका साथीत अशाच दुखण्याने आजारी पडले. जंतू सापडला नाही. पंधरा वर्षांनी दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी चाळून त्याला ‘सामूहिक उन्माद’ ठरवलं. सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, हा कुठला न्याय? पुढे २००९ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडल्याचा गाजावाजा झाला. रुग्णांनी त्यावर केवढी आशा बांधली होती! तो निघाला प्रयोगशाळेतल्या दूषित नमुन्यांचा परिणाम, आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध रद्द झाला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ऑस्ट्रेलियातल्या डबो परिसरातलं काम. तिथे तापाच्या सुरुवातीपासूनच रुग्णांचा माग ठेवला. एपस्टाइन-बार, क्यू फीव्हर, रॉस रिव्हर विषाणू असे तीन अगदी वेगळे संसर्ग, एकूण २५३ माणसं. सहा महिन्यांनंतरही ११ टक्के जणांना हाच आजार होता. कोण रेंगाळणार हे मुख्यतः पहिलं दुखणं किती तीव्र होतं त्यावर ठरलं, स्वभावावर नाही. म्हणजे एकच गुन्हेगार जंतू शोधत बसण्यापेक्षा, वेगवेगळे जंतू शरीरात मागे काय बिघडवून जातात, हे पाहायला हवं. कोविडनंतर लाखो लोक याच वाटेने गेले आहेत.

त्यासाठी आजाराच्या पहिल्या आठवड्यातलं रक्त जपून ठेवायला हवं, तेही बरे झालेल्यांचं आणि न झालेल्यांचं, दोघांचं. माझ्या बहिणीचं तेव्हाचं रक्त तपासून टाकून दिलं गेलं. आज तिच्या शरीरात काही शोधायचं, तर तुलनेला काहीच उरलेलं नाही.

आपली,
एका रुग्णाची बहीण