धडे मोफत, पण फोन कुठाय?

महोदय,

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने टिपला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर त्या धड्याचे साहित्य मोफत उघडते. मोठ्या मुलांसाठी 'स्वयम्' हे सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ आहे. तिथे शिकणे फुकट, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. पण माझा जीव अडकलाय तो आपल्या पुण्यातल्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत. तिथे अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती मराठीतही आहेत. स्ट्रॉची पिपाणी वाजवता वाजवता कात्रीने कापत गेले की आवाज चढत जातो. हे एकदा पाहिलेल्या मुलीला ध्वनीची वारंवारता वेगळी समजवावी लागत नाही!

माझ्याकडे हडपसरला संध्याकाळी चार मुली अभ्यासाला येतात. प्रत्येकीच्या घरी फोन एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जातो. रात्री नऊला परत येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. महापालिकेच्या अभ्यासिकांत एक पडदा, आधीच उतरवून ठेवलेले हे व्हिडिओ आणि संध्याकाळचे दोन तास एवढे मिळाले तरी खूप झाले. आमच्या भागात ते सुरू झाले, तर रोज दाखवायला मी स्वतः येईन.

– एक निवृत्त शिक्षिका, हडपसर, पुणे