अण्णा, बारक्याची कुस्ती यंदा राहू द्या

फिलाडेल्फिया

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचा आवाज चढला की माझं पुढचं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहून पाठवतोय. ताई कागदावर छापून तुमच्या हातात देईल. चष्मा लावून निवांत वाचा, आणि तालमीतल्या पोरांसमोर नको.

बारक्याच्या गुडघ्याचं आईकडून कळलं. त्याला विचारलं तर "काय नाय, जरा लचकलाय" एवढंच. आई म्हणते, जिना उतरताना कठडा धरतो. आणि तुम्ही जत्रेतली जोड ठरवून मोकळे झालात. दुखणं कुरवाळत बसणारा पैलवान होत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. त्यावर वाद घालत नाही. इथल्या एका गड्याची हकिकत सांगतो, ती तुम्ही वस्ताद म्हणून ऐका.

जो फ्रेझर. मुष्टियुद्धातला हेवीवेट जगज्जेता. तुम्हाला मोहम्मद अली माहीत आहे, सगळ्या जगाला आहे. व्यावसायिक लढतीत अलीला पहिल्यांदा हरवणारा हा. जन्म १९४४ चा, साऊथ कॅरोलिनातल्या ब्यूफोर्टचा. बाप दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबायचा, त्याला डावा हात नव्हता, आणि घरात पोरांची ही रांग. या पोरानं पोत्यात चिंध्या, मक्याची कणसं आणि मध्ये एक वीट भरून ते झाडाला टांगलं आणि ठोसे मारत सुटला. लहानपणी डुक्कर मागं लागलं, पळताना पडला आणि डावा हात दुखावला. दवाखाना परवडणारा नव्हता. हात वाकडाच जुळला, पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. पुढं त्याच वाकड्या हाताचा हुक, म्हणजे बाजूनं फिरवून मारलेला ठोसा, भल्याभल्यांना झोपवत गेला.

पंधराव्या वर्षी घर सोडलं आणि शेवटी या शहरात आला. कत्तलखान्यात कामाला होता. तिथं टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करायचा. वजन उतरवायला म्हणून पोलिसांच्या जिममध्ये गेला आणि यँक डरहॅम नावाच्या वस्तादाच्या नजरेत भरला.

१९६४ साली, ज्या वर्षी आपल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी हिंदकेसरीची गदा आणली, त्याच वर्षी हा टोकियोच्या ऑलिंपिकला गेला. निवडचाचणीत खरं तर बस्टर मॅथिसकडून हरला होता. मॅथिसचा हात दुखावला म्हणून याला पाठवलं. उपांत्य फेरीत याचाच डाव्या हाताचा अंगठा मोडला. कुणाला बोलला नाही. तशाच हातानं अंतिम लढत जिंकून सुवर्ण घेऊन आला.

आता तुम्ही मिशीवरून हात फिरवून म्हणणार, "बघ! ह्याला म्हणतात पैलवान." म्हणा. पण पुढं वाचा.

उंची सहा फुटाला जरा कमी, म्हणजे हेवीवेटमध्ये बुटकाच. अलीचा हात त्याच्यापेक्षा पाच इंच लांब. लांबून खेळला असता तर मेलाच असता. म्हणून तो वाकून, डोकं सतत डावी-उजवीकडं हलवत, आत घुसायचा. आपला गडी पट काढायला शिरतो ना, थेट तसा. आत शिरताना दोन-चार खायचे आणि मग डावा हुक. हा सगळा खेळ मार खाण्याच्या तयारीवर उभा होता, आणि तो मार कुठं ना कुठं साठत जातोच.

८ मार्च १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. व्यावसायिक लढतींत दोघेही तोवर अजिंक्य. व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला म्हणून अलीचं पद काढून घेतलं होतं, साडेतीन वर्षं तो रिंगणाबाहेर होता. त्या काळात फ्रेझरनं त्याला पैसे दिले, त्याला परवाना मिळावा म्हणून शब्द टाकला. बदल्यात अलीनं भर लोकांत त्याला गोऱ्यांचा हस्तक ठरवलं, पुढं गोरिला म्हणून हिणवलं. अली केवढाही मोठा असो, हे मला आजही पटत नाही. त्या रात्री दोघांना पंचवीस-पंचवीस लाख डॉलर ठरले होते. पंधराव्या फेरीत डावा हुक असा बसला की अली पाठीवर. उठला तो, पण तिन्ही पंचांनी निकाल फ्रेझरच्या बाजूनं दिला.

त्यानंतर उतरणच. १९७३ ला जमैकात जॉर्ज फोरमननं दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडला. १९७४ ला अलीनं दुसरी लढत गुणांवर घेतली.

तिसरी मनिलाला, १ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या टीव्हीची वेळ साधायची म्हणून भर सकाळी लावली. आत भट्टीसारखं तापलेलं. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना तुडवलं. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला. आणि अण्णा, खरी गोष्ट इथं आहे. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तो डोळा बरीच वर्षं अधू होता. तपासणीला चलाखी करून वेळ मारून न्यायचा, हे त्यानं मागाहून स्वतःच सांगितलं. अंगठ्याचं दुखणं लपवलं ते एका लढतीपुरतं. डोळ्याचं लपवलं ते जन्माला पुरलं. उजवा मिटल्यावर त्याला अलीचे उजव्या हाताचे ठोसे येताना दिसतच नव्हते.

डरहॅम तोवर वारला होता, कोपऱ्यात आता एडी फच हा वस्ताद होता. त्यानं रिंगणात माणसं मरताना पाहिलेली होती. एकच फेरी उरलेली. फ्रेझर म्हणत होता, नको, मला तो पाहिजे. फचनं त्याला खाली बसवलं. म्हणाला, संपलं पोरा, आज तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही. आणि लढत थांबवली. अलीलाही उभं राहवत नव्हतं, तोही नंतर म्हणाला की मरण याहून फार लांब नसावं. आणखी एक फेरी झाली असती तर कदाचित, असं इथं आजही बोलतात. बोलोत. फ्रेझर त्यानंतर छत्तीस वर्षं जगला, २०११ ला यकृताच्या कॅन्सरनं गेला. पोरीला मुष्टियुद्ध खेळताना आणि पुढं न्यायाधीश झालेलं बघून गेला.

शेवटी पैसा फारसा राहिला नाही. नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या आपल्याच जिमच्या माडीवर राहायचा. २००८ ला जिम बंद पडली, खाली फर्निचरचं दुकान आलं. मी मुद्दाम जाऊन बघून आलो. दर्शनी भिंतीवर त्याचं नाव होतं, आत सोफे. या शहराची गंमत अशी की सिनेमातल्या रॉकी नावाच्या खोट्या बॉक्सरचा पुतळा किती वर्षं आधीपासून मिरवतायत, आणि या खऱ्या माणसाचा उभा राहिला २०१५ ला. मला त्याचा राग येतो, असो.

वस्तादाचं काम डाव शिकवण्याइतकंच गडी राखण्याचं असतं, हे तुम्हीच करून दाखवलंय. कुंडलच्या मैदानात स्वतः हौद्यात उतरून तुम्ही शेजारगावच्या पोराची कुस्ती सोडवली होती, त्याचा खांदा निखळलाय हे पंचांच्या आधी तुम्हाला दिसलं होतं. परक्या पोराचा खांदा दिसतो, तर घरच्या पोराचा गुडघा कसा दिसत नाही?

बारक्याला मिरजेला नेऊन एमआरआय करून घ्या. पैसे ताईच्या खात्यावर टाकलेत, ती रजा काढून बरोबर येईल. समोरच्या गड्याच्या वस्तादांना तुम्ही स्वतः फोन करा. बारक्यावर सोपवलंत तर तो करणार नाही. छापलेल्या पत्रकावर नाव आहे हे मला माहीत आहे. यात्रा कमिटीला दुसरी जोड शोधायला अजून वेळ आहे. बारक्या तुमच्याशी आठ दिवस बोलणार नाही, जेवायलाही वेगळा बसेल. मी फोन करतो त्याला.

आईला नमस्कार. तिच्या गोळ्या संपत आल्या असतील, ताईकडून चिठ्ठी घेऊन आणा. आणि द्राक्षाची छाटणी कधी धरताय ते कळवा.

तुमचा,
थोरला