सगळा दोष १९७१ ला कसा?

महोदय,

ब्रिटिश नियतकालिकांवरील आपल्या रविवार पुरवणीतल्या लेखात, १९३५ साली निघालेलं ‘मेन ओन्ली’ हे चांगलं मासिक १९७१ मध्ये पॉल रेमंड यांनी विकत घेऊन नासवलं, असं म्हटलं आहे. मला ते पटलं नाही.

रेमंड यांची बाजू मला मुळीच घ्यायची नाही. रंगमंचावरच्या नग्न स्त्रीने जराही हलायचं नाही, असा तेव्हा ब्रिटनमध्ये नाट्यपरीक्षकांचा दंडक होता. रेमंड यांनी १९५८ मध्ये लंडनच्या सोहो भागात सभासदांपुरता क्लब काढून त्याला बगल दिली आणि कमावलेला पैसा तिथल्याच इमारतींत घातला. अशा माणसाने मासिक घेतलं ते वाङ्मयसेवेसाठी नव्हे, हे उघडच आहे.

पण मूळचं मासिक तरी कसं होतं? पिअर्सन कंपनीचं, खिशात मावणारं, कथा, लेख आणि व्यंगचित्रांनी भरलेलं. मात्र आम्हाला स्त्री वाचक नकोत, असं त्याने सुरुवातीलाच बजावलं होतं. बाईला वाचक म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि चित्रात मात्र उघडी करून आत घ्यायचं, हे तिथे रेमंड येण्याआधी कितीतरी वर्षं चालू होतं. त्यांनी रंगीत छायाचित्रं वाढवली, मजकूर मागे सारला. धंदा तोच होता, फक्त आडपडदा गेला.

तुलनेसाठी ‘लिलिपुट’ बघा. हिटलरच्या तुरुंगात राहून आलेल्या स्टीफन लोरांट यांनी ते १९३७ मध्ये लंडनमध्ये काढलं. तेही खिशाएवढंच, आणि नग्नचित्रं त्यातही असत, हे मान्य. पण वॉल्टर ट्रीअर यांची मुखपृष्ठं पाहा: दर वेळी एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा. प्रसंग बदलतात, पोशाख बदलतात, पण ती दोघं कायम बरोबरीने उभी. व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांच्या सेंट ट्रिनियन्स या काल्पनिक शाळेतल्या द्वाड मुली १९४१ मध्ये पहिल्यांदा इथेच अवतरल्या. बाईला विनोद कळतो, ती तो करतेही, हे या मासिकाने गृहीत धरलं होतं.

१९६० मध्ये ‘लिलिपुट’ बंद पडून ‘मेन ओन्ली’तच विलीन झालं. माझ्या मते खरं नुकसान तेव्हा झालं, आणि आपल्या लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही. लेखमालेच्या पुढच्या भागात ‘लिलिपुट’वर स्वतंत्रपणे आणि शक्यतो ट्रीअर यांच्या मुखपृष्ठांसह लिहावं, ही विनंती.

— एक वाचिका, सांगली