स्वप्नांचीही नोंद ठेवा

महोदय,

वादळात केळीची बाग आडवी झाली, तेव्हापासून माझा धाकटा भाऊ पहाटे घामाघूम होऊन उठायचा. स्वप्न एकच: झाडं कडाकड मोडताहेत आणि याच्या तोंडून आवाज फुटत नाही. जळगावला समुपदेशन सुरू केलं. चौथ्या महिन्यात एकदा चहा पिताना म्हणाला, ‘दादा, काल स्वप्नात मी हाक मारली. तू बांधावरून पळत आलास.’ बाग तेव्हाही पडलेलीच होती. पण हाक फुटली होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा सावरतोय.

स्वप्नातली माणसं, भांडणं, भावना मोजण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ कॅल्व्हिन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ मध्येच मांडली. उपचारांच्या सुरुवातीची आणि नंतरची स्वप्नं त्यातून ताडून पाहता येतात. खानदेशातल्या समुपदेशकांनी आणि महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांनी हे काम हाती घ्यावं. अर्थात रुग्णाच्या संमतीने, नाव गुप्त ठेवून. आणि स्वप्न रुग्णाच्याच बोलीत लिहावं, अहिराणी असो की तावडी. समुपदेशनाच्या वेळी भरलेल्या भावाच्या कागदावर एवढंच होतं: ‘वाईट स्वप्ने पडतात.’ झाडं, बांध, न फुटलेला आवाज, यातलं काहीच नाही.

– एक वाचक, रावेर